शेवटच्या सीनसाठी एक फोन

दुपारपासून सरोजिनीबाई रडत नव्हत्या, आणि त्यामुळं त्यांचा जावई रडकुंडीला आला होता.

जावई म्हणजे प्रबोध. धंदा सिनेमा दिग्दर्शनाचा, पासपोर्ट ब्रिटिश, घर मराठी आणि मुक्काम सिंगापूर. तिथल्या तोआ पायोह वस्तीतल्या सासऱ्यांच्या फ्लॅटमध्ये त्याच्या तिसऱ्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि आज शेवटचा दिवस होता. शेवटचा म्हणजे अगदी शेवटचा. फ्लॅट विकला गेला होता, उद्या किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि सासू-सासरे बुकित बातोकला लेकीकडं राहायला येणार होते. अख्खा सिनेमा याच घरात घडत होता. आज सीन मिळाला नाही, तर सिनेमाला शेवटच नव्हता. आणि बिनशेवटाचा सिनेमा घेऊन लंडनच्या निर्मात्यापुढं उभं राहण्यापेक्षा चांगी विमानतळावर ट्रॉल्या ढकलाव्यात, असं त्याचं स्वतःचंच मत होतं.

सीन तसा साधा होता. जेवणाच्या टेबलाशी म्हातारा-म्हातारी बसली आहेत. फोन वाजतो. परदेशातला मुलगा सांगतो, की मी आता कधीच घरी येणार नाही. आई ऐकते आणि कोसळते. बस. म्हाताऱ्याचं काम सासरे मनोहरपंत करत होते. त्यांना फक्त जेवायचं होतं आणि तेवढं ते मनापासून करत होते. सरोजिनीबाईंनी महिनाभर असं काही काम केलं होतं, की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण कोसळायचं म्हटलं, की बाई पदर सारखा करायच्या, फोन खाली ठेवायच्या आणि सोसायटीची मीटिंग रद्द झाल्यासारखा चेहरा करायच्या.

"मला नाही हो येत असं चारचौघांत रडायला, प्रबोधराव," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीतरी सांगा."

दुसरं काय सांगणार, कपाळ? प्रबोध बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये चपलांच्या रॅकशेजारी लावलेल्या, कॅमेऱ्यातलं दाखवणाऱ्या छोट्या पडद्यासमोर येऊन बसला. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीकडं निघालं होतं. तासाभरात ते जाणार.

आता या माणसाची थोडी कुंडली मांडली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रबोध इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मला, वाढला. वडील बसडेपोत, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. पोरगा इंजिनीअर व्हायचा सोडून कॅमेरा घेऊन हिंडायला लागला, तेव्हा आईनं आठवडाभर अबोला धरला होता. पहिला सिनेमा त्यानं तिशीच्या आत केला आणि तो गाजला. गाजला तो एका शॉटमुळं. एक म्हातारा नट दाराच्या चौकटीला धरून ओक्साबोक्शी रडतो. सगळे म्हणाले, काय खरेपणा! खरा होताच तो. कॅमेरा सुरू करून प्रबोधनं त्या नटाला हळूच सांगितलं होतं, की तुमचं काम वाईट झालंय, तुम्हाला सिनेमातून काढतोय. म्हातारा मोडला. शॉट मिळाल्यावर प्रबोधनं त्याला मिठी मारली, माफी मागितली, सगळं सांगितलं. नट हसला, पण पुन्हा कधी त्याच्याशी बोलला नाही.

दुसरा सिनेमा सपशेल आपटला. मग मालिकांचे भाग, मग तेही नाहीत. लंडनच्या बँकेत बदलीवर आलेली मीनल भेटली, लग्न झालं, आणि तिच्या नोकरीच्या मागोमाग साहेब सिंगापूरला आले. इथं त्यानं काय केलं? कारखान्यात हेल्मेट घालावं, ओल्या फरशीवर धावू नये, असल्या फिल्म्स केल्या. वर्षानुवर्षं केल्या. मीनल कधी एका शब्दानं बोलली नाही; उलट या सिनेमासाठी तिनं स्वतःची रजा, स्वतःचे आईबाप आणि त्यांचं घर असं सगळं त्याच्या हवाली केलं. एकच अट घातली होती. "माझ्या आईबरोबर तो म्हाताऱ्या नटाचा प्रकार करायचा नाही." प्रबोधनं तिच्या गळ्याची शपथ घेतली होती.

ऊन भिंतीला लागलं. मीनल सगळ्यांसाठी कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायला खालच्या खाण्याच्या स्टॉल्सकडं, हॉकर सेंटरला गेली होती. कॅमेऱ्यावर कुशल होता, इथंच वाढलेला, शांत गडी. तो आतून म्हणाला, "लाइट जातोय, बॉस. एकच टेक मिळेल, लास्ट वन लाह."

फोन प्रबोधच्या हातातच होता. सीनमधला मुलाचा आवाज तोच द्यायचा. त्यानं लिफ्टकडं पाहिलं. मीनल अजून आली नव्हती.

शपथ मोडायची म्हणून काय गळाच कापायचा? त्यानं स्वतःला समजावलं, की आपण राक्षस नाही. अमेय गेला असं काही आपण सांगणार नाही. अमेय म्हणजे मीनलचा भाऊ, मेलबर्नला असतो, कामासाठी दिवसदिवस गाडी चालवतो, आणि सरोजिनीबाईंचा जीव कायम त्या गाडीच्या चाकांत अडकलेला. थोडी काळजी वाटेल एवढंच सांगायचं. अर्धा मिनिट. मग पाय धरायचे.

"रोल," त्यानं कुशलला कॅमेरा सुरू करायला सांगितलं आणि फोन लावला.

पडद्यावर सरोजिनीबाईंनी फोन उचलला.

"आई, हे सीनमधलं नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी प्रबोध बोलतोय. खरं सांगतोय. अमेयच्या गाडीला अपघात झालाय. सीरियस आहे. आपल्याला निघायला हवं. तुम्ही काळजी करू नका."

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाल्या, "बरं." आणि फोन उपडा ठेवला.

प्रबोध पडद्यावर वाकला. आता, आता. पण बाई रडल्या नाहीत. कोसळल्या नाहीत. कॅमेरा आहे, कुशल आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी डबा उघडला, एक पोळी काढली, तूप लावलं आणि नवऱ्याच्या ताटात वाढली.

"आणखी?" मनोहरपंत खूश झाले. "आज काय विशेष?"

"खा हो. आमटी घ्या. पोटभर जेवा."

त्यांचा आवाज सरळ होता; आमटीची वाटी त्यांनी स्वतःच नवऱ्यापुढं सरकवली. प्रबोधच्या अंगावर काटा आला. हे त्यानं लिहिलं नव्हतं. असलं त्याला जन्मात लिहिता आलं नसतं. याचा अर्थ काय, हेही त्याला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की आयुष्यभर ज्याच्यासाठी वणवण केली ते हे आहे.

लिफ्ट उघडली. मीनल कोपीच्या पिशव्या घेऊन आली, त्याच्या खांद्यावरून पडद्याकडं पाहिलं आणि थबकली.

"आई बाबांना दुसरी पोळी वाढतेय? तूप लावून?" मनोहरपंतांना मधुमेह, वर गेल्याच वर्षी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातलेला. त्या घरात दुसऱ्या पोळीवरून भांडणं व्हायची. "प्रबोध, तू काय सांगितलंस तिला?"

"काही नाही. अमेयला—"

"अमेयला काय झालं?" तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काही नाही झालं! तो ठीक आहे. मी फक्त म्हटलं, अपघात झालाय, सीरियस आहे, निघायला हवं. तेवढंच, मीनल. गेला असं नाही म्हटलं."

मीनलनं पिशव्या खाली ठेवल्या. ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"अरे, आपल्यात गेलेल्या माणसाचं फोनवर असंच सांगतात," ती म्हणाली. "कुणी तोंडानं 'गेला' म्हणत नाही. माणूस घरी पोचेपर्यंत धीर राहावा म्हणून 'सीरियस आहे, निघा' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. सांगलीचे आजोबा गेले तेव्हा तिला हेच शब्द आले होते. तिच्या लेखी अमेय मेलाय, प्रबोध."

वुल्व्हरहॅम्प्टनच्या घरी असल्या बातम्या हॉस्पिटलची नर्स द्यायची, इंग्रजीत, स्वच्छ. त्याला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"मग त्या जेवायला का घालताहेत?"

"कारण एकदा सांगितलं, की बाबा अन्नाला शिवणार नाहीत. पोटात काही नसेल तर गोळ्या कशा देणार? आधी खाऊ घालतेय, मग सांगणार. थांबव हे."

"एक मिनिट," प्रबोध म्हणाला.

खरंच म्हणाला तो असं. तोंडून गेलं आणि गेलं. मीनल त्याच्याकडं बघतच राहिली.

पडद्यावर मनोहरपंतांनी पोळी संपवली. सरोजिनीबाईंनी डबीतून गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, पाणी पुढं केलं. त्यांनी गोळी घेतली. बाईंनी पेला बाजूला सरकवला, खुर्ची जवळ ओढली आणि नवऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले. भिंतीवरून परतलेलं ऊन आता नेमकं त्या हातांवर होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा मन घट्ट करा. आपला अमेय—"

"कट!" प्रबोध किंचाळला. रॅकला धडकला, चपला उडाल्या, आत धावला. "कट, कट! आई, खोटं होतं. तो बरा आहे. त्याला काहीही झालेलं नाही. मी खोटं बोललो."

"काय खोटं?" मनोहरपंतांनी बावचळून विचारलं.

सरोजिनीबाईंनी जावयाकडं पाहिलं. मग नवऱ्याचे हात सोडले. "काही नाही. सीनमधलं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत जाऊन पडा."

ते गेल्यावर मीनलनं अमेयला फोन लावून आईच्या कानाशी धरला. पलीकडून गाडीचा आवाज आणि "बोल गं आई, ड्रायव्हिंग करतोय" एवढं सगळ्यांना ऐकू आलं. बाई म्हणाल्या, "हळू चालव," आणि फोन परत दिला.

प्रबोध गुडघ्यावर बसला होता. काय काय बोलत होता. बाईंनी त्याला मध्येच थांबवलं.

"ते सगळं त्यात आलंय का?" त्यांनी कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं.

"आलंय."

"चांगलं आलंय?"

त्याला खोटं बोलता आलं नाही. "आजवर मी काढलेलं सगळ्यात चांगलं तेच आहे."

"पुसून टाका," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मुलगा गेल्यावर माझं तोंड कसं होतं, ते अमेयला दिसायला नको. कुणालाच नको."

कुशलनं कॅमेरा पुढं केला आणि नजर दुसरीकडं वळवली. मीनल दारात उभी होती. प्रबोधचा अंगठा पुसायच्या बटणावर टेकला आणि तिथंच राहिला. लंडनचा निर्माता, हेल्मेटच्या फिल्म्स, ती सगळी वर्षं, सगळं त्या अंगठ्याखाली होतं. मग त्यानं बटण दाबलं.

"गेलं?"

"गेलं, आई."

तेव्हा त्या रडल्या. टेबलावर डोकं ठेवून, चारचौघांत, आवाज करून रडल्या. मीनल धावली, तिनं आईला पोटाशी धरलं. शेवटचं ऊन भिंतीवरून परतून त्या दोघींच्या केसांवर पडलं होतं, आणि प्रबोधच्या मनात आलं, काय सुंदर उजेड आहे. त्याचा हात कॅमेऱ्याकडं गेलाही.

मीनलनं तो हात पाहिला. प्रबोधनं तो मागं घेतला, पण तिनं पाहिला होता.