सोबत कोण

बहिणीचा फोटो फ्लेक्सवर छापला, ही माझी एक चूक. ती मी कुठंही सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. दुसरी एक आहे, ती तोंडातून निघायला सहा वर्षं लागली.

मी एसटीत कंडक्टर होतो. धुळे, पारोळा, जळगाव, कधी पुढं रावेरपर्यंत. जन्मभर "पुढं सरका, दारात थांबू नका" ओरडून आवाज असा झालाय की जेवताना मीठ मागितलं तरी बायको म्हणते, भांडता कशाला. निवृत्त होऊन पारोळ्याजवळच्या आमच्या गावी राहायला आलो, तेव्हा बहीण जाऊन वर्ष होत आलं होतं. स्तनाच्या कॅन्सरनं गेली. आता हा शब्द मी सरळ उच्चारतो. आधी "छातीचं दुखणं" म्हणायचो, त्याच्याही आधी नुसतं "दुखणं".

माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी. दिली होती रावेरकडं, केळीच्या मुलखात. तिकडची बोली वेगळी. दोन वर्षांत तिच्या तोंडी ती बसली, मग मी चिडवायचो, "आल्या रावेरच्या पाव्हण्या!" ती मुद्दाम आमच्या अहिराणीत उत्तर द्यायची, "भाऊ, मी आठलीच शे." इथलीच आहे म्हणून. लग्नाला वीस वर्षं झाली तरी हेच उत्तर.

तिच्या नावानं काहीतरी करावं असं मनात आलं. देवळाला घंटा दे, शाळेला पंखे दे, असं लोक सुचवत होते. मी ठरवलं, बायकांची तपासणी करायची. धुळ्याच्या एक डॉक्टरबाई फुकट यायला तयार झाल्या. जागा शाळेची, दिवस तिच्या वर्षश्राद्धाचा. पारोळ्याला फ्लेक्सवाल्याकडं फोटो दिला आणि मजकूर सांगून आलो. आमच्याकडं फ्लेक्स दोनच प्रकारचे होतात, वाढदिवसाचा आणि श्रद्धांजलीचा. त्या शहाण्यानं आपल्या मनानं फोटोला झेंडूचा हार घातला, दोन बाजूंना दोन समया लावल्या आणि "मोफत तपासणी" पार खाली बारीक अक्षरात टाकलं. बघायला वेळ नव्हता. तसाच शाळेच्या दारावर टांगला.

बायका आल्या ना! गल्लीगल्लीतून घोळक्यानं आल्या, डोक्यावरून पदर ओढून. मी मनात म्हटलं, वा रे गड्या, जमलं. त्या फ्लेक्ससमोर बसल्या आणि रडायला लागल्या. कोणाच्या घरी माणूस गेलं की आमच्याकडं बायका मिळून त्या दारी जातात, बसतात, रडतात. त्याला दारावर जाणं म्हणतात. अंत्यविधी रावेरकडं झाला होता, त्यामुळं गावातल्या पुष्कळ बायकांचं दारावर येणं राहून गेलं होतं. ते त्यांनी त्या दिवशी उरकलं. माझ्या बायकोच्या गळ्यात पडल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहालाही न थांबता निघाल्या. दारावर आलेलं माणूस चहा घेत नाही.

डॉक्टरबाई चौथीच्या वर्गात पाढ्यांच्या तक्त्याखाली दोन वाजेपर्यंत बसून होत्या. एकही बाई आत गेली नाही. मी फाटकात एका म्हातारीला अडवलं. "अक्का, आलात तर तपासून तरी जा." ती माझ्याकडं असं बघत राहिली की मीच ओशाळलो. "दारावर आलेल्या बाईनं अंगावरचा पदर काढायचा का रे, भाऊ?"

पाराशी आबा बसले होते, गावातले जाणते. म्हणाले, "बैल गेला आणि झोपा केला." माझं डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "आबा, गोठ्यात अजून बैल आहेत. त्यांच्यासाठी करतोय." नंतर वाटलं, बोललो ते बरं नव्हे, बायकांना बैल म्हणालो.

संध्याकाळी बायको फ्लेक्स गुंडाळत होती. म्हणाली, "पुढच्या वेळी आखाजीला ठेवा. लेकी माहेरी आल्या की बोलतात. सासरी कोणापुढं बोलतील?" मी म्हटलं, बघू. मग फ्लेक्सला दोरी बांधता बांधता ती म्हणाली, "तीही इथंच बोलली होती." मी शाळेच्या खुर्च्या परत ठेवायला गेलो.

आता ते सांगतो.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात दिवाळीला लेक नाही आली तर चालतं, आखाजीला यावीच लागते. भाऊ मुराळी होऊन तिला आणायला जातो. घरी सांजोऱ्या, आमरस, झाडाला झोके. लेकी झोक्यावर गाणी म्हणतात आणि पुरुष दोन दिवस उघडपणे पत्ते खेळतात, त्या दोन दिवसांचं कोणी मनावर घेत नाही. मी बहिणीला आणायचो माझ्याच गाडीनं. मी तिकिटं फाडायचो, ती कंडक्टरच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि कोणी चढलं की हळूच म्हणायची, "पुढं सरका."

त्या आखाजीला मी आंबे पिळत होतो. बायको जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "ताईंच्या छातीत गाठ लागतेय. दुखत नाही म्हणतात. इथं आहेत तोवर जळगावला दाखवून आणा."

मी काय म्हणालो ते मला शब्दाला शब्द आठवतं. "तिच्या घरच्यांना विचारू दे आधी."

हे मी दुष्टपणानं म्हणालो नाही. तिच्या पहिल्या बाळंतपणानंतर तिला चक्कर यायची, तेव्हा आम्ही न विचारता धुळ्याला नेऊन दाखवलं होतं. त्यावर तिचे सासरे दोन वर्षं आमच्या दारात आले नाहीत. आम्ही काय मेलो होतो का, म्हणाले. आमच्याकडं दिल्या घरची लेक म्हणजे त्यांचं माणूस. तिचं औषधपाणी माहेरानं केलं तर सासरची अब्रू जाते आणि त्याचा राग निघतो तिच्यावर. मला वाटलं, मी तिचीच काळजी घेतोय.

बहीण दारात उभी होती. तिनं ऐकलं. आत येऊन सालं गोळा करायला लागली. तिसऱ्या दिवशी साडी, सांजोऱ्यांचा डबा आणि आंबे देऊन मी तिला गाडीत बसवलं.

तिकडं केळीची कापणी चालू होती, माल भरायला ट्रक दारात. तिनं नवऱ्याला सांगितलं. दाजी म्हणाले, "आत्ताच माहेराहून आलीस ना? तिथंच दाखवायचं होतं, भावाच्या हाताशी जळगाव आहे." वाईट माणूस नाही. त्यांना वाटलं, आम्हालाच दाखवायचं नव्हतं. मग पाऊस लागला, मग दिवाळी आली, दिवाळीला तिच्या नणंदेचं बाळंतपण होतं. फोनवर मी विचारायचो, कशी आहेस? ती म्हणायची, बरी शे.

पुढच्या आखाजीला आणायला गेलो तेव्हा तिचा उजवा हात सुजलेला होता. घरी आल्यावर झोक्याची दोरी धरता येईना. मी तसाच तिला जळगावला घेऊन गेलो, दाजींना रस्त्यातून फोन केला, तेही आले. डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हा दोघांकडं बघून विचारलं, इतके दिवस काय करत होता? मी दाजींकडं बघितलं, दाजींनी माझ्याकडं.

नंतर सगळं केलं. ऑपरेशन, औषधं, धुळ्याच्या खेपा, जळगावच्या खेपा. तिचे केस गेले तेव्हा मी रडलो, ती रडली नाही. त्या थंडीत ती गेली.

तर, आखाजीला शिबिर. बायकोचं ऐकलं आणि जमलं. फोटो नाही, हार नाही, फ्लेक्सच नाही. पुरुष पाराखाली पत्त्यात बुडालेले, त्यांना दुसरीकडं बघायला फुरसत कुठली! शाळेजवळच्या लिंबाला झोका बांधला. लेकी झोका खेळायला यायच्या आणि एकेक करून चौथीच्या वर्गात जाऊन यायच्या. आजूबाजूच्या गावांतल्याही यायला लागल्या. चार आखाज्या अशा झाल्या. काहींना गाठी निघाल्या, बहुतेक साध्या. दोघींना वेळेवर पुढं पाठवता आलं, त्या आजही झोक्यावर दिसतात.

वही बायको सांभाळते. नाव, गाव, वय, काय निघालं. पहिल्याच आखाजीला तिनं पट्टीनं आणखी एक रकाना आखला, "सोबत कोण". ज्या बाईला पुढं मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं, तिला कोण नेणार, ते त्यात लिहायचं. मी वैतागलो, हा कशाला वाढवलास? म्हणाली, "असू द्या." त्यात नवरा असायचं, सासू असायचं, एकदा शेजारीण होतं. काही जागा कोऱ्या राहायच्या.

आणि सुरुवातीला मी दोन शब्द बोलायचो. दर वर्षी तेच. "माझ्या बहिणीनं कोणाला सांगितलं नाही. लाजली, अंगावर काढलं. तुम्ही तसं करू नका." बायका माना हलवायच्या. माझी बायको वहीत बघत राहायची.

यंदा गावातलीच एक लेक आली, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेली. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, हिची जळगावला लगेच तपासणी करा, थांबू नका. मी तिच्या भावाला पाराखालून बोलावून घेतलं. तो हातातले पत्ते दुसऱ्याला देऊन आला, लक्ष तिकडंच. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाना, परवा ती जातेच आहे. दाजींना सांगतो, ते दाखवतील. आपण मध्ये पडलो तर उगाच त्यांना लागेल."

पोरगा चांगला होता. मी मात्र सवयीनं तिच्यावर घसरलो. "बाई, तू तरी गप्प बसू नको. माझ्या बहिणीनं कोणाला सांगितलं नाही, म्हणून..."

"मी तर सांगितलं ना, नाना," ती म्हणाली. "परवाच भाऊला सांगितलं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या बहिणीनं सांगितलं असतं, तर तुम्ही नेलं असतं?"

झोका चालू होता, गाणं चालू होतं. बायकोचं पेन थांबलं.

मला हो म्हणता आलं असतं. ती पोरगी काय रावेरला जाऊन विचारणार होती? मी टेबलाला धरून उभा होतो.

"तिनं सांगितलं होतं," मी म्हणालो. "आखाजीलाच. मी म्हणालो, आधी तुझ्या घरच्यांना विचार. तिला साडी दिली आणि गाडीत बसवलं."

पोरीचा भाऊ खाली बघत होता. त्यानं विचारलं, "मग दाजी काय म्हणाले?"

"दाजी म्हणाले, माहेरी दाखवायचं होतं."

"मग कधी दाखवलं?"

"पुढच्या आखाजीला."

माझा आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नव्हता. तरी झोक्यापाशी बसलेल्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. बघू दे म्हटलं. इतकी वर्षं मी मेलेल्या बहिणीवर खोटं लादत होतो. ती लाजली नव्हती. तिनं तोंडानं सांगितलं होतं, आणि एक वर्ष दोन घरांनी तिला एकमेकांकडं पाठवलं. हे मला त्या शाळेच्या व्हरांड्यात नीट दिसलं आणि मला माझीच चीड आली. अशी चीड मला कधी फुकट्या प्रवाशाचीही आली नव्हती.

पाराखालून कोणीतरी त्या पोराला हाक मारली, तुझा डाव आलाय म्हणून. त्यानं हातानंच नाही म्हटलं. मोबाईल काढला आणि तिथंच उभा राहून फोन लावला. "दाजी, ताईला उद्या जळगावला दवाखान्यात नेतोय. नाही, विचारत नाही, सांगतोय. तुम्हीही या." पलीकडून काय बोलले ते कळलं नाही. त्याचे कान लाल झाले होते, पण त्यानं फोन मध्येच ठेवला नाही, सगळं ऐकून घेतलं. मग बहिणीला म्हणाला, "सकाळी सातची गाडी. उपाशी यायचं का ते बाईंना विचारून घे."

ती आत विचारायला गेली. मी खुर्चीत बसलो. बायको माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं बघितलं नाही. मग तिनं वही पुढं ओढली, "सोबत कोण"च्या रकान्यात बोट ठेवलं आणि सावकाश लिहिलं, भाऊ.