सुनंदाबाईंच्या बाजूची सीट

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर रंगनाथराव आगाशांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली आणि मालवीय नगरच्या घरासमोर आणून उभी केली. गाडी दणकट, पण खड्ड्यात गेली की हाडं खिळखिळी करायची. पहिल्याच फेरीत त्यांच्या पत्नीची, सुनंदाबाईंची, कंबर धरली.

"अहो, यात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही," त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी रंगनाथराव गाडीखाली शिरले. स्प्रिंगचे पाटे सोडवून त्यांनी गंज खरवडला, ग्रीस भरलं. ही गाडी आता तोफा ओढणार नव्हती, म्हणून दोन पाटे कमी करून स्प्रिंग मऊ केली. भंगारातून मोटारीची एक मऊ सीट आणून पत्नीच्या बाजूला बसवली.

"पूरी गाड़ी भाभीजी के नाम!" शेजारचे माथुरजी हसले.

होळीनंतर मनधरणी करून रंगनाथरावांनी सुनंदाबाईंना सांभरच्या तळ्याकडे नेलं. डांबर संपून कच्ची वाट लागली, तशी ते कुरकुरीची वाट पाहू लागले. शेवटी वळून पाहिलं, तर बाई मान कलंडून गाढ झोपल्या होत्या.

तळं आलं, पण रंगनाथरावांनी गाडी थांबवली नाही. हळूहळू ते काठाकाठाने पुढे चालवतच राहिले.