पानाच्या डब्यातला आवाज

कापूस वेचताना काडीकचरा कुणी मुद्दाम गोळा करत न्हाई. घरी येऊन पदर झटकला की खाली सडा पडतो, तेव्हा कळतं आपण काय काय सोबत आणलं. आमच्या ह्यांच्या आवाजाच्या मशीनचे किस्से तसेच जमले. ध्यानात ठेवायला मी एक बी गेले न्हाई. पण चार जणी ओट्यावर बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "काकू, ते ड्रायव्हरसाहेबांचं मशीन सांगा की." मंग पदर झटकावा लागतो.

हे एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. जालना-घनसावंगी, सगळी नोकरी त्याच रस्त्यावर गेली. तवाच्या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसायचं. रिटायर झाले तेव्हा डावा कान पुरता गेल्ता आणि उजवा जायच्या तयारीत होता. डॉक्टरनं कानामागं लावायचं मशीन सांगितलं, तर म्हणाले, "ते म्हाताऱ्या माणसाला."

अडचण माझी होती. आमच्यात आणि शेजारच्या कमळाबाईत एकच भिंत. मी ह्यांना ओरडून 'मीठ संपलं' सांगितलं की भिंतीपलीकडून कमळाबाई वाटीभर मीठ घेऊन यायच्या. मिठाचं ठीक आहे. पण घरात लग्नाची पोरगी, नर्सिंग शिकणारी सुनीता. नवरा-बायकोला चार गोष्टी आपसात बोलाव्या लागतात, आणि आमच्या घरात 'आपसात' असं काही उरलंच नव्हतं.

*

ऐकू न आलेल्या गोष्टीला ह्यांचं एकच उत्तर असायचं: "हां, बराबर." मान बी अशी हलवायचे की समोरच्याला वाटावं, माणसानं लई विचार केला.

एकदा गणपती मंडळाची पोरं दारात आली. "काका, लाऊडस्पीकरचा भोंगा तुमच्या पत्र्यावर बांधू का?"

"हां, बराबर."

विसर्जनापर्यंत गल्लीत कुणाच्या डोळ्याला डोळा लागला न्हाई. आमच्या फळीवरून तर भांडी सरकून राह्यली होती. हे मात्र भोंग्याच्या बरोबर खाली घोरत होते. शेवटच्या दिवशी चहा पिता पिता मला म्हणाले, "यंदा मंडळाची पोरं लई शांत आहेत, न्हाई?"

*

मंग पुतण्यानं औरंगाबादहून वॉकमन आणून दिला. ह्यांनी कानावर ते दोन गोळे चढवले, आवाज पुरा सोडला आणि तोंड वाकडं केलं. "काडेपेटीत माशी कोंडल्यावानी वाटतंय."

जुन्या जालन्यात सलीमभाई म्हणून रेडिओ मिस्त्री होते. आमच्या गल्लीतले सगळे रेडिओ त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी वॉकमन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "ड्रायव्हरसाब, गाडी छोटी है. इंजन अलग से लगाना पडेगा."

आठ दिवसांनी एक नवीकोरी गुलाबी साबणदाणी हातात दिली. तिच्यात इवलंसं सर्किट, एक चौकोनी सेल, बाहेर एक फिरवायचं बटण. एक वायर वॉकमनला, दुसरी कानाच्या गोळ्यांना. वॉकमनचा बारका आवाज ह्या डबीत जायचा आणि मोठा होऊन बाहेर यायचा. ह्यांनी बटण फिरवलं आणि डोळेच मोठे झाले. दुकानाच्या पायरीवर बसून पूर्ण कॅसेट ऐकली, तेव्हा उठले.

त्याच आठवड्यात माझा भाऊ केदारखेड्याहून आल्ता. आंघोळीला जाताना त्यानं खिडकीतली साबणदाणी उचलली. आत जाऊन उघडली. बऱ्याच वेळानं बाहेर आला, अंग कोरडं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आक्का, तुमच्या साबणात लाईट आलंय."

*

डबी आल्यापासून हे दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचे. मान डोलायची, एक हात हवेत फिरायचा. मला वाटलं, भजन ऐकून राह्यले. उतारवयात देवाकडं ओढ लागली म्हणून मला बरंच वाटायचं. कमळाबाईलाही मी तसंच सांगितलं.

एक दिवस खुर्चीत झोप लागली म्हणून ते गोळे अलगद काढून मी माझ्या कानाला लावले. आत नुसतं घर्रर्र, घर्रर्र. मधेच खाड्कन काहीतरी अडकायचं आणि परत घर्रर्र. मला वाटलं, बिघडलं.

बिघडलं नव्हतं. डेपोत जाऊन ह्यांनी आपल्या जुन्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून एक खेप केली होती आणि इंजिन टेप करून आणलं होतं. ते खाड्कन म्हणजे गियर, आणि हवेत फिरणारा हात म्हणजे स्टेअरिंग. ज्या सवतीनं कान खाल्ले, तिलाच मांडीवर घेऊन ऐकत बसले होते!

जागे झाल्यावर मी विचारलं तर लाजले. म्हणाले, "दुसरी बाजू लाव. तिच्यात घाट आहे."

*

साबणदाणीला एक खोड होती. कमळाबाईनं भिंतीपलीकडं मिक्सर लावला की इकडं ह्यांच्या कानात गुरगुर व्हायची. हे तेवढ्यावरून त्यांचा स्वयंपाक सांगायचे. "लांबली गुरगुर. शेंगदाण्याची चटणी दिसतीय." थोड्या वेळानं खरंच चटणीची वाटी यायची. कमळाबाईला वाटायचं, ह्यांचं नाकच लई तिखट.

सलीमभाई म्हणाले, "प्लास्टिक नक्को. धातू का डिब्बा लाओ, बाहर का कचरा अंदर नै आता."

दुसऱ्या दिवशी माझा पितळी पानाचा डबा जागेवर न्हाई. आईनं लग्नात दिलेला. मी घर धुंडाळलं, माळा धुंडाळला. माझी सुपारी, कात, लवंगा एका ताटलीत नीट काढून ठेवल्या होत्या, तेवढी मात्र माणुसकी. संध्याकाळी डबा आला तो भोकं पाडून, पोटात सर्किट घेऊन.

मी दोन दिवस बोलले न्हाई. पण ह्यांना ते कळणार कसं? तिसऱ्या दिवशी मीच जाऊन सांगितलं की मी बोलत न्हाई. भिंतीपलीकडून कमळाबाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलंच."

*

डबा पितळेचा झाला तसा ह्यांचा हौसेचा हात सुटला. आधी लाल रंग दिला, मधून पिवळा पट्टा. मंग चप्पल शिवणाऱ्याकडून चामड्याचं कव्हर शिवून घेतलं, कमरेच्या पट्ट्यात अडकवायला. आवाजाच्या बटणाभोवती पेंटरकडून बारीक अक्षरात लिहून घेतलं: पहिला, दुसरा, तिसरा, टॉप. सकाळी पहिल्या गियरवर सुरू करायचे. एकदम टॉपवर टाकलं तर मशीनला त्रास होतो म्हणे.

सलीमभाईंनी ते बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "ड्रायव्हरसाब, लायसन किधर लटकाएंगे?"

*

एकदा आम्ही दोघं घनसावंगीला लग्नाला निघालो. बस चुकली म्हणून जीपमध्ये बसलो. जीप म्हणजे काय, माणसावर माणूस. हे पुढं ड्रायव्हरशेजारी. कानावर गोळे, कमरेला लाल डबा, त्यातून निघालेली वायर, आणि नजर रस्त्यावर. वळण आलं की ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. खड्डा आला की मान नकारार्थी हलायची.

जीपवाला आधी तिरपं बघायचा. मंग घाम पुसायला लागला. पुढच्या फाट्यावर त्यानं जीप थांबवली आणि टपावरच्या पोरांना, मागं लोंबकळणाऱ्यांना हात जोडून उतरवलं. ह्यांच्याकडं वळून म्हणाला, "साहेब, आता बसले तेवढेच पासिंगचे. वायरलेसवर काही कळवू नका."

ह्यांना काय ऐकू आलं असेल? म्हणाले, "हां, बराबर."

लग्नाला आम्ही पाय पसरून गेलो.

*

पानाचा डबा गेला त्याचं मी सोडलं नव्हतं. सलीमभाईंच्या दुकानात जाऊन मीच सांगितलं, "माझा डबा घेतला ना? मंग माझा आवाज बी त्यात घाला."

सलीमभाईंनी डब्यात एक बारका माईक बसवला. आता माणसाचं बोलणंबी मोठं होऊन कानात जाणार होतं. पहिल्याच दुपारी हे दचकून उठले. "गडगडून राह्यलं. वाळवण आत घे." मी अंगणात गेले तर आभाळ लख्ख. डबा पोटावर ठेवून झोपले होते, ते त्यांचंच पोट!

मंग माईक डब्यातून काढून लांब वायरला जोडला. बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढी वायर. म्हणजे मी चुलीपाशी बसून बोलावं आणि ह्यांनी खुर्चीत ऐकावं.

पहिल्यांदा माईक तोंडाशी धरला आणि हळूच म्हणलं, "अहो."

हे म्हणाले, "वरडू नको."

एवढ्या वर्षांनी हळू बोलायला मिळालं आणि मला काही सुचेना. शेवटी म्हणलं, "मीठ संपलंय."

त्या दिवशी कमळाबाईकडून मीठ आलं न्हाई.

*

आता सुनीताला बघायला आले तो दिवस.

स्थळ कमळाबाईनंच आणलं होतं. मुलगा त्यांचा अंबडचा भाचा. बैठकीत मुलगा, त्याचे वडील आणि मधे कमळाबाई. हे समोर, कानावर गोळे, मांडीवर लाल डबा. माईक पाहुण्यांपुढच्या टेबलावर ठेवलेला. पाहुण्यांनी आधी दबकून बघितलं, मंग मुलाचे वडील माईककडं वाकून सभेत बोलल्यासारखे बोलायला लागले.

आत मी पोह्यांवर खोबरं टाकत होते. सुनीता नवीन साडी नेसून उभी. हळूच म्हणाली, "माय, मला हे लग्न करायचं न्हाई. माझं नर्सिंग पुरं होऊ दे."

"आता सांगतीस? पाहुणे दारात आल्यावर?"

"आधी सांगितलं असतं तर तू दादांना ओरडून सांगितलं असतंस. आन् कमळमावशीला त्याच घडीला कळलं असतं."

पोरगी खरं तेच बोलत होती.

पण आता करायचं काय? ह्यांनी बैठकीत शब्द दिला की तो मागं घेणारे हे नव्हते. चिठ्ठी लिहावी तर मला अक्षर येत न्हाई, आणि सुनीतानं लिहिली तरी पाहुण्यांदेखत ह्यांच्या हातात द्यायची कशी? बाहेर जाऊन कानात सांगावं तर ह्यांच्या कानात सांगणं म्हणजे गावाला सांगणं.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. बशा मांडल्या. चहाचे रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि कपांसोबत माईक बी उचलला. आत आले. माझ्यामागं वायर सरपटत आली. पाहुण्यांनी पाय वर घेतले. कमळाबाई बघत राहिल्या, पण भाच्यापुढं बोलणार कशा?

आता बैठकीतलं ह्यांना काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मंग ड्रायव्हरसाहेब, आमच्याकडून होकार आहे. तुमच्याकडून पक्कं समजायचं ना?"

दाराच्या फटीतून मला ह्यांची मान दिसली. हलायला लागली होती. तोंड उघडलं. "हां..."

मी माईक ओठांना लावला. "हो म्हणू नका. सुनीताला हे लग्न करायचं न्हाई. तिला शिकायचंय."

ह्यांची मान अर्ध्यात थांबली. मला वाटलं, जमलं. आता खाकरतील, दोन दिवस मागून घेतील, मंग बघू.

पण कानावर ते गोळे असले की माणसाला स्वतःचा आवाज कळत न्हाई. डेपोच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारावी तशा आवाजात हे म्हणाले, "काय? सुनीताला हे लग्न करायचं न्हाई? शिकायचंय?"

कमळाबाईचा घास हातातच. मुलाचे वडील एकदा ह्यांच्याकडं बघायचे, एकदा वायरीकडं. सुनीतानं माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की बांगडी रुतली.

तेवढ्यात मुलगा उठला. बशी खाली ठेवली. वायर बघत बघत, तिच्यावर पाय न देता, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. माझ्यापुढं हात केला. मी माईक देऊन टाकला.

त्यानं एकदा बापाकडं बघितलं, पाठ फिरवली आणि माईक तोंडाशी धरून इतक्या हळू बोलला की शेजारी उभ्या आम्हा दोघी मायलेकींनाच ऐकू आलं.

"काका, मला बी आत्ता करायचं न्हाई. तेवढं बी बोलून टाका."