डोंग्यातली दुसरी जागा

लग्नानंतर चारच महिन्यांनी मी साताऱ्याहून कुरखेड्याकडच्या एका मोठ्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, राहायला आले. यजमान ओव्हरसियर. सोमवारी सायकल घेऊन कालव्यांवर जायचे, ते शनिवारी उगवायचे. क्वार्टरच्या आसपास दुसरं घर नव्हतं. मधल्या दिवसांत मी कधीकधी मुद्दाम मोठ्यानं बोले, आवाज आहे ना ते बघायला.

पाळीखाली एक म्हातारी ढिवरीण, म्हणजे तिकडची कोळीण, आपला डोंगा लावायची. अख्खं खोड कोरून केलेला, दोन माणसं जेमतेम मावतील असा. एक दिवस ती वर आली.

"एकलीच काऊन बसून राह्यली, बाई? चाल, पाण्यात जाऊ."

"मला पोहता येत नाही हो."

"मले बी आता जमत नाई. डोंग्याले येते ना!"

त्या हिवाळ्यात मी वल्हं मारायला शिकले. सुरुवातीला डोंगा जागच्या जागी गोल फिरायचा आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. गरीला गांडूळ लावताना मी डोळे मिटायची, मग गरी माझ्याच बोटात रुतायची. तिचा नवरा वारला होता, लेक वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरीजवळ दिलेली. तिचं निम्मं बोलणं मला कळत नसे, माझं तिला. तरी मी सोमवारची वाट बघू लागले.

होळीनंतर जावई बैलगाडी घेऊन आला. लेकीचे दिवस भरत आले होते.

"डोंगा तुलेच राहू दे," ती म्हणाली.

"परत कधी येणार, बाई?"

"पाहू न."

ती आली नाही. पंधरा दिवस मी पाळीखाली उतरलेच नाही. मग एका शनिवारी सकाळी एकटीच डोंगा घेऊन गेले. बऱ्याच वेळानं दोरीला असा हिसका बसला की तळहात कापला. ओढत, सोडत, पुन्हा ओढत शेवटी हातभर लांब मरळ डोंग्यात घेतली.

"बाई, बघा!" मी ओरडले.

समोरचं टोक पाण्याबाहेर उचललं गेलं होतं. तिथं कुणी नव्हतं. मासा पायाशी तडफडत होता.

संध्याकाळी यजमान आले. कालवण त्यांनी दोनदा मागून घेतलं. मासा कुठून आला, हे विचारलं नाही. मी हाताला चिंधी बांधली होती, तीही त्यांना दिसली नसावी.