ड्राइव्हवेतला प्रवासी

निर्णय घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील आणि निर्णय टाळणारी त्याहून जास्त. पण एकच निर्णय रोज सकाळी चहाबरोबर नव्याने घेऊन दुपारच्या झोपेनंतर मोडीत काढणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझा घरमालक आहे. मालक म्हणायला जीभ धजत नाही म्हणून मी त्यांना काका म्हणते. काकांचा निर्णय असा, की कॅनडातल्या ब्रॉसार्डमधलं चार बेडरूमचं घर विकून काकूंसकट कायमचं आरव्हीत राहायला जायचं. आरव्ही म्हणजे आत ओटा, पलंग, फ्रिज आणि वॉशरूम असलेली बसएवढी मोटार. इथले लोक उन्हाळ्यात ती घेऊन तळ्याकाठी जातात. काकांची आरव्ही मात्र विकत घेतल्यापासून घरापासून रस्त्यापर्यंतच्या ड्राइव्हवेतच उभी होती. काका तिला 'आपली गाडी' म्हणत आणि काकू 'तो डबा' म्हणत.

मी इथे शिकायला आले आहे आणि त्या घराच्या बेसमेंटमध्ये, म्हणजे तळघरात, राहते. बार्शीला आमची पिठाची गिरणी आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे कुठल्याही बाबतीत ठामपणे बोलायची मला अजून सवय झालेली नाही. हेही मी जरा चाचरतच लिहिते आहे. पण घर विकलं तर माझी खोली जाणार, एवढं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. किल्ली हातात ठेवतानाच काका म्हणाले होते, "खोली तुझीच समज. फक्त एक आहे, आम्ही कधीही निघू." त्यांच्या मागून काकूंचा आवाज आला, "तीन वर्षं निघतायत. तू गादी चांगली घे."

काका चाळीसेक वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आले आणि रंगाच्या कारखान्यात केमिकल इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर लहान बाटलीत प्रयोग करून मगच मोठ्या टाकीला हात लावायची सवय, ती त्यांनी संसारालाही लावली होती. आरव्हीत राहायचं की नाही याबद्दल ते भेटेल त्याचं मत घेत. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर, पिझ्झा घेऊन आलेला मुलगा, कोणीही यातून सुटलं नाही. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना आधी आरव्ही दाखवली जाई आणि मग आरती होई. पायरीशी बूट काढायचे, एका वेळी चौघांनीच आत जायचं, प्रत्येक कपाट उघडून बघायचं आणि 'वा' म्हणायचं. सगळे अगदी मनापासून 'वा' म्हणत आणि उतरताना न चुकता विचारत, "पण विंटरचं काय?" हा प्रश्न काकांना फार लागे. एका जानेवारीत बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना काका छतावर ताडपत्री घातलेल्या आरव्हीत जाडजूड जॅकेट, टोपी आणि हातमोजे घालून, थर्मासमधला चहा पीत ताठ बसलेले मला दिसले. मी काच वाजवली. "काका, काय करताय?" "राहून बघतोय," ते म्हणाले. पाचच मिनिटांत ते घरात आले, पण त्यांच्या मते प्रयोग अयशस्वी नव्हता. फक्त चहा लवकर गार झाला होता.

बर्फ पडला की फावड्याने ड्राइव्हवे शोव्हल करणं हे माझं काम. भाडं कमी असल्यामुळे मी ते आनंदाने करायची. माणसांपुरती वाट काढली तर काकांना चालत नसे. आरव्हीच्या मागच्या बंपरपासून थेट रस्त्यापर्यंत डांबर दिसायला हवं. "अहो, ती कुठे जाणारेय एवढ्या बर्फात?" काकू खिडकीतून म्हणत. "जाणार नाही. पण जाता आलं पाहिजे," काका म्हणत. हे वाक्य मी अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवावं इतकं मला आवडलं होतं. पाठ दुखायला लागली की मात्र ते तेवढं आवडत नसे.

एका जागी उभं राहून टायर चपटे होतात म्हणून बर्फ नसेल त्या दिवसांत दर महिन्याला गाडी रस्त्यावर काढून परत आत लावायचा सोहळा असे. गाडीला मागे कॅमेरा होता आणि समोर मोठा पडदाही होता. काकांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "कॅमेऱ्याला मागचं दिसतं, पण माणसासारखी काळजी नाही वाटत," असं म्हणून ते मला रस्त्यावर उभं करत. मी एसटीच्या कंडक्टरसारखा हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं आणि वेळ आली की "बास" म्हणायचं. माझ्या 'बास'वर काकांची अपार श्रद्धा. एकदा मी हात हलवता हलवता फोनवर आईला "बास झालं आता, पैसे पाठवू नका" म्हणाले, तर काकांनी असा ब्रेक दाबला की आतल्या डाळींच्या बरण्या पलंगावर येऊन पडल्या. आयुष्यात माझ्या एका शब्दावर एवढी मोठी वस्तू थांबते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

काकूंचा विरोध साधा होता. या घरातल्या स्वयंपाकघराला दक्षिणेची मोठी खिडकी आहे आणि त्या खिडकीत कढीपत्त्याचं झाड आहे. कॅनडाच्या थंडीत ज्याने कढीपत्ता जगवला आहे त्याला पुढचं सांगायला नको. "हे झाड डब्यात जगलं तर मी येईन," एवढंच त्या म्हणत. पण घर विकून टाकण्याचा विषय निघाला की त्या गप्प होत, आणि काका गप्प बसणाऱ्यातले नसल्यामुळे शेवटी जूनमध्ये, माझी परीक्षा संपता संपता, पैज लागली. एक महिना दोघांनी ड्राइव्हवेतच, आरव्हीत राहायचं. घरात पाय टाकायचा नाही. काकूंनी टाकला तर घर विकायला काढायचं. काकांनी टाकला तर आरव्ही. साक्षीदार म्हणून मी. "ही निष्पक्ष आहे," काका म्हणाले. त्यांचं घर गेलं तर माझी खोलीही जाणार होती, पण ते सांगायला मी तोंड उघडेपर्यंत दोघं उशा घेऊन बाहेर पडलेसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या वेळेला ड्राइव्हवेतून अशी किंकाळी आली की मी अनवाणीच धावले. शेजारच्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मादाम हातात आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन आधीच पोचल्या होत्या. आत आग नव्हती, काकू आमटीला फोडणी देत होत्या. कढईत हिंग पडला आणि गॅसगळतीचं यंत्र बोंबलायला लागलं. काकांनी पंख्याने वारा घालून ते गप्प केलं आणि चेहऱ्यावर कारखान्यातला जुना आनंद आणून समजावलं, "यंत्राची चूक नाही. हिंगात गंधक, गॅसच्या वासातही गंधक. ते बरोबर बोलतंय. तुझी आमटीच संशयास्पद आहे."

"चाळीस वर्षं तुम्ही गप्प खाल्लीत," काकू म्हणाल्या, "आणि या डब्याला दोन दिवसांत तोंड फुटलं." मादामना वाटीभर आमटी देऊन घरी पाठवलं. वाटी दुसऱ्या दिवशी धुऊन परत आली आणि त्यांनी खुणेनेच अजून आहे का विचारलं.

त्यानंतर आरव्हीत हिंग बंद झाला, असं काकांना वाटत होतं. प्रत्यक्षात काका शेगडीचा प्रोपेन गॅस भरायला किंवा ग्रोसरीला गेले, की बेसमेंटच्या बाजूच्या दारावर टकटक व्हायची आणि पदराखाली कढई घेऊन काकू उभ्या असायच्या. "बेसमेंट काही घरात मोडत नाही," त्या म्हणायच्या. "तू भाडं देतेस. हे तुझं घर. मी तुझ्याकडे पाहुणी आलेय." मग माझ्या छोट्या शेगडीवर मोहरी तडतडायची, हिंग पडायचा, आणि काकू डोळे मिटून एक श्वास घ्यायच्या. जाताना "ह्यांना बोलू नकोस" म्हणायच्या.

मी काय बोलणार होते? रोज सकाळी, काकू चालायला गेल्या की, त्याच दारावर दुसरी टकटक होई. काकांच्या खांद्यावर पंचा, एका हातात बादली, दुसऱ्या हातात पितळी तांब्या. आरव्हीच्या न्हाणीत माणूस उभा राहिला की बादली मावत नाही, आणि बादली ठेवली की माणूस मावत नाही. काकांना शॉवरखाली अंघोळ झाल्यासारखी वाटतच नाही. पावसात सापडल्यासारखं वाटतं म्हणे. "टेक्निकली," ते म्हणायचे, "बेसमेंट हे वेगळं युनिट आहे. एन्ट्रन्स वेगळा. तुझ्या काकूला सांगू नकोस." मग आतून तांब्याचे धबाधब आवाज आणि मोठ्याने म्हटलेली स्तोत्रं ऐकत मी अभ्यासाला बसायची.

या महिन्यात मला एक गोष्ट मात्र फार जाणवत होती. एरवी माझ्या डोक्यावर काकांची पावलं वाजत. पहाटे चहाची, दुपारी पेपरची, रात्री दारं तपासायची. घड्याळ न बघता मला वेळ कळायची. आता छत एकदम मुकं झालं होतं. घर विकलं तर काय होईल याचा मला फुकटात नमुना मिळत होता, आणि तो मला बिलकुल आवडला नव्हता.

महिना संपत आला तेव्हा जे व्हायचं ते झालं. त्या सकाळी रिमझिम होती, म्हणून काकू चालायला गेल्या नाहीत. काका कुठे दिसत नाहीत तर गेले असतील दुधाला, असं समजून कढई घेऊन थेट माझ्याकडे आल्या. मी "काकू, जरा—" एवढंच म्हणाले. त्यांनी तेल तापवून मोहरी-मिरच्या टाकल्याही. बाथरूममधलं स्तोत्र मधेच थांबलं. एक शिंक आली, मग दुसरी आली, आणि पंचा गुंडाळलेले काका तांब्यासकट दारात उभे राहिले.

मोहरी तेवढी तडतडत होती.

"तुम्ही हरलात," काकू म्हणाल्या.

"तूही," काका म्हणाले, आणि कढईत वाकून बघत, "हिंग घातलास ना?"

दोघंही हरल्यामुळे निकाल माझ्यावर आला. तिघं माझ्या पलंगावर, आमटी-भाताच्या ताटल्या मांडीवर घेऊन बसलो. "सांग," काका म्हणाले. "घर ठेवायचं की गाडी? लाजू नकोस." 'घर ठेवा' एवढं म्हणायचा अवकाश होता. बादली आणि हिंग, दोन्ही पुरावे समोरच होते, आणि माझी खोली वाचत होती. मी भात कालवत राहिले. मग जे पाहिलं होतं तेच सांगावं असं वाटलं.

"काका, वरच्या घरात तुम्ही टीव्ही खाली बघता आणि काकू वर बघतात. जेवायला या म्हणून काकू तुम्हाला फोन करतात. घरातल्या घरात. या महिन्यात रोज संध्याकाळी तुम्ही दोघं त्या छोट्या टेबलावर रमी खेळत होतात. काकू पत्ते लपवतात आणि तुम्ही ओरडता, ते मला इथपर्यंत ऐकू येतं." एवढं बोलून माझा धीर संपला. "बाकी तुम्ही ठरवा. मला काही फारसं कळत नाही."

काका काकूंकडे बघायला लागले. "पत्ते लपवतेस?"

"तुम्हाला आत्ता कळतंय?" काकू म्हणाल्या. मग ताटली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "फोडणी बाहेर देईन. विजेची शेगडी आणि लांब वायर घ्या. कढीपत्ता माझ्या शेजारी राहील."

निघायचं ठरलं म्हटल्यावर काकाच घाबरले. पुढचे आठ दिवस "आणि पाहुणे आले तर?", "भारतातून येणाऱ्या लोकांना एअरपोर्टवरून कोण आणेल?" असे प्रश्न ते विचारत होते आणि काकू सामान बांधत होत्या. शेवटी असं ठरलं, की सप्टेंबरात निघायचं, हळूहळू पश्चिमेकडे जात हिवाळ्याआधी मुलीकडे व्हँकुव्हरला पोचायचं. वरचं घर एका नव्या जोडप्याला भाड्याने. विकायचं की नाही ते पुढच्या वर्षी डिसाइड करू, असं काकांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा खुलला. म्हाताऱ्या माणसाला सकाळी उठून करायला काहीतरी हवंच. "आणि बेसमेंट भाडेकरूंच्या करारात नाही," ते मला म्हणाले. "गाडीतले पाईप गोठले तर अंघोळीला यायचं कुठे?" बादली त्यांनी माझ्याकडेच ठेवली.

निघायच्या दिवशी पुढच्या सीटवर काकू बसल्या. त्यांच्या शेजारी, पट्ट्याने नीट बांधलेलं, कढीपत्त्याचं झाड. मादाम आपल्या कुंपणाशी आल्या होत्या. काकांनी पडद्यावरच्या कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघता खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि माझी वाट बघितली. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. हात वर केला.

"येऊ द्या. येऊ द्या."

गाडी सावकाश मागे सरकायला लागली. जिथे ती इतकी वर्षं उभी होती तिथलं डांबर ऊन-पाऊस न लागल्यामुळे अजून काळंभोर होतं, आणि ते थोडं थोडं उघडं पडत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत झाडाच्या कुंडीची जागा रिकामी झाली होती. गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर आली.

"बास," मी म्हणाले.

ब्रेक कचकन लागले. आत बरण्या खणखणल्या. काकांचं डोकं पुन्हा बाहेर आलं. "काय गं? काय आहे मागे?"

मी मागे वळून पाहिलं. दोन्ही बाजूंना रस्ता लांबवर मोकळा होता.

"काही नाही काका," मी म्हणाले. "येऊ द्या."