मुशीच्या काळजाचं तेल

सातवा महिना लागला तेव्हा मला संध्याकाळचं दिसेनासं झालं. दिवसा सगळं ठीक असायचं. सुईत दोरा ओवता यायचा, मिठागरावरची माणसं लांबून ओळखू यायची. ऊन उतरलं की मात्र खोपटातल्या वस्तू एकेक करून नाहीशा व्हायच्या. आधी कोपऱ्यातली घागर, मग चुलीपुढचा पाट, मग माझेच हात. चिमणी पेटवलेली असायची, पण तिची ज्योत तेवढी पिवळ्या डागासारखी दिसायची. उजेड कशावर पडतच नव्हता.

आम्ही घाटावरचे. माझी शाळा तिसरीतच सुटलेली. लग्न झालं आणि आमच्या ह्यांना पनवेलच्या खाडीकडं मिठागरावर काम लागलं, म्हणून मी इकडं आले. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण आई मी लहान असतानाच गेलेली. मग जायचं कुणाकडं? इथं मला म्हणून जे माणूस होतं ते शेजारची कोळीण मावशी.

तिनं मला काय दिलं नाही? पहिल्या दिवशी चुलीला विस्तव तिनं दिला. गोड्या पाण्याची विहीर तिनं दाखवली. मला हिवताप आला तेव्हा आपलं मासळीचं टोपलं उतरवून ती माझ्या उशाशी बसली. गावातली सुईणही तीच. "आक्ख्या गावाची पोरा माज्या हातावर झालीत, तू कशाला घाबरतं?" असं म्हणायची, आणि मला खरंच धीर यायचा.

तिनंच सांगितलं होतं, एक वेळ जेवायचं, तेही अर्ध्या पोटी. "पोर वाढला तं अडंल, बाय. बारीक ऱ्हायला तं सुटका व्हतं." गावातल्या सगळ्या बायका तसंच करायच्या. मीही केलं. भूक लागली की पाणी प्यायचे आणि पडून राहायचे. तिचं ऐकायचं नाही हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दिसत नाही हेही मी पहिल्यांदा तिलाच सांगितलं. ती हसली. "पोराचं डोलं भरतात. तुजी नजर घेतंय तो. चांगला हाय."

एकदा ह्यांची भाकरी घेऊन मिठागरावर निघाले. निघताना ऊन होतं, पण अंग जड, पाय उचलेनात. बांधाच्या मध्यावर पोहोचले आणि कुणी फडकं टाकल्यासारखा दिवस विझला. एका बाजूला मिठाचे वाफे, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि भरती चढत होती. चिखलातून पाणी चुळुकचुळुक करत वर येताना ऐकू येत होतं. कुठल्या बाजूनं, ते कळेना. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी बांधाची माती धरून ठेवली.

हे शोधत आले. "अगं, अशी का बसलीस?"

"मला दिसत नाही."

"आंधळी झालीस का काय?" ते हसले. मग त्यांनी कंदील माझ्या तोंडापुढं धरला असावा, कारण गालाला ऊब लागली. मी भलतीकडंच बघत होते. त्यांचं हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी ते पनवेलच्या दवाखान्यात जाऊन सांगून आले, आणि रविवारी नर्सबाई आली. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी; शनिवारी कामाला हात लावायची नाही, त्या दिवसाचं काम रविवारी काढायची. पांढरं लुगडं, पायात वहाणा, चिखलानं भरलेल्या. तिनं माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा जेवतेस?"

मी मावशीकडं पाहिलं. तीच म्हणाली, "एकदा. मीच सांगतलाय."

"का?"

"पोर लहान ऱ्हातो. सुटका व्हतं."

"पोर लहान राहतं मावशी, पण आईच्या अंगात काही उरत नाही. मग जरा रक्त गेलं की ती संपते. आणि हे पोर तिचे डोळे घेत नाहीये. ती उपाशी आहे, म्हणून दिसत नाही."

दारात शेजारणी जमल्या होत्या. त्यातली एक जिभेची तिखट होती. ती मावशीला म्हणाली, "ऐकलास गो? तुजी पोर पन सांजचीच ठेचकाळायची. न् बालंतपनात गेली."

मावशीला एक लेक होती हे मला तेव्हा कळलं. इतक्या दिवसांत तिनं कधी नावसुद्धा काढलं नव्हतं.

"म्हंजे माजी पोर मीच मारली," मावशी नर्सबाईला म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

"मी तसं नाही म्हटलं."

"म्हटलास की." आणि ती बायकांना बाजूला सारून निघून गेली.

नर्सबाईनं मला दोन्ही वेळ पोटभर जेवायला सांगितलं. नाचणी, सुकट, शेवग्याचा पाला, काय मिळेल ते. डोळ्यांसाठी माशाच्या तेलाची बाटली द्यायची होती, पण दवाखान्यातल्या बाटल्या संपल्या होत्या. "मुशीचं ताजं काळीज कढवून तेल काढा. होडीला चोपडतात ते कुजकं नको. रोज एक चमचा. जास्त नाही." मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क मासा. तिचं काळीज आणायचं आणि कढवायचं हे मला घाटिणीला कुठून जमणार? ते जमणारी एकच होती, आणि तिचं दार बंद होतं.

मी जेवायला लागले, पण घास गिळताना भीती वाटायची. पोर वाढून अडलं तर? आणि अडलं तर सोडवणार कोण? जिनं मला इथं जगवलं तिला, पोटभर जेवून, मी रोज खोटी पाडत होते. संध्याकाळ झाली की अंधारात बसून तिच्या दाराची कडी वाजते का ते ऐकत राहायचे.

एका दुपारी ती आली. मला न विचारता माझ्या चुलीपुढं बसली. आपल्या मुलाच्या होडीवरून मुशीचं काळीज आणलं होतं. वासानं मला मळमळायला लागलं. तेल सुटल्यावर तिनं ते वाटीत गाळलं आणि चमचा माझ्या तोंडाशी धरला.

"घे. माजा खरा असंल तं तुजा पोर अडंल." ती थांबली. "न् तिचा खरा असंल तं..."

तिनं चमचा माझ्या ओठांना टेकवला. मी तेल गिळलं.

मग ती रोज तिन्हीसांजेला येऊन समोर बसायची, हात वर करायची आणि विचारायची, "किती?" मला नुसता काळोख दिसायचा. "नाही दिसत," म्हटलं की ती सुस्कारा टाकायची. तो सुस्कारा दुःखाचा नव्हता, हे मला कळायचं.

त्या संध्याकाळी आधी चिमणीचा उजेड भिंतीवर दिसला. मग तिची नथ. मग बोटं. दिसत नाही असं सांगावं, असं मला एकदम वाटलं. तिच्यासाठी वाटलं. पण पोटात बाळानं लाथ मारली आणि तोंडातून निघून गेलं, "दोन."

तिनं हात खाली घेतला. बराच वेळ ती आपल्याच बोटांकडं बघत राहिली.

चैत्र संपताना मला कळा सुरू झाल्या. नर्सबाईनं शेवटच्या दिवसांत दवाखान्यात ये म्हटलं होतं, पण कळा आधीच आल्या. मावशी बोलावण्याआधी हजर होती. पोर मोठं होतं. मध्येच ते थांबलं, आणि तिचे हातही थांबले. घामातून मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती सुटकेची वाट बघत होती की अडण्याची, मला सांगता येईना. आयुष्यात तेवढी भीती मला कधी वाटली नाही. मग ती दात-ओठ खाऊन माझ्यावर ओरडली, "जोर कर गो! थांबू नको, जोर कर!" आणि मुलगी झाली. भरलेली, लालबुंद, रडून खोपटं डोक्यावर घेणारी.

मावशीनं तिला धुतलं, दोन्ही हातांत तोलून पाहिलं, माझ्याजवळ ठेवलं आणि बाहेर गेली. बांधाकडून तिचं रडणं ऐकू येत होतं. बाळाचं आणि तिचं, दोन्ही एकदमच.

नर्सबाई पुढं बोटीनं आपल्या लोकांच्या देशात निघून गेली. तिचे आभार मानायचे राहूनच गेले. मावशी मात्र तिथंच होती. कुठल्या घरात बाई गरोदर आहे कळलं की ती भाताचं नि कालवणाचं भरलं ताट घेऊन त्या दारात जायची, आणि लेकीला कडेवर घेऊन मीही तिच्यामागं. सासवा तिला आत घेत नसत. "तुज्या पोरीला घातलास का असा जेवायला?" असं तोंडावर विचारायच्या. ती ताट घेऊन तशीच दारात उभी राहायची. आत, संध्याकाळच्या अंधारात, त्या घरची गरोदर सून भिंत चाचपत चाललेली दारातून मलाही दिसायची.