सतराव्या कार्डावरची बाई

वसंतमामा गेल्याचं मामेभावानं फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी आठवली ती सतराव्या कार्डावरची बाई... त्याला आता दीड महिना झाला.

मामा लोहाऱ्याला एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. चिमटीत कापूस ओढून तंतूची लांबी सांगत. कापसाच्या त्या वाईट वर्षांत जिनिंग बंद पडलं आणि पंचावन्नाव्या वर्षी मामा घरी बसले. मग एक दिवस त्यांनी वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. तीत चोवीस फोटोकार्डं निघाली, पूर्वी चहाच्या पुड्यांत मिळायची ती. पुढे नाटकातला नट, मागे चहाची जाहिरात. संच पुरा व्हावा म्हणून लोक तोच चहा घेत राहत म्हणे. तेवीस कार्डांवर नाव होतं, सतराव्यावर नुसतं ‘नायिका’. नाकात नथ, डोक्यावर पदर, डावी भुवई मधोमध तुटलेली.

“येवढी देखणी बाई, अन् तिचं नाव काहून नाही?” एवढा एक प्रश्न घेऊन मामा दोन वर्षं एसटीनं फिरले. कधीमधी मीही सोबत असे. पुसदला एका म्हाताऱ्या रंगभूषाकारानं कार्ड चष्म्याजवळ नेलं. “बाई नाही जी, बाप्या आहे हा. कळंबचा. त्याचा पोरगा शिंपीकाम करे तिथं.”

कळंबचा तो ‘पोरगा’ ऐंशीला टेकलेला होता. त्यांनी भुवईवरून अंगठा फिरवला. “माय सांगे, बैलाचं शिंग लागलं होतं... हे माहे बाबा. दौलतराव. बाईचं काम करत म्हणून आजानं त्यायचे सारे फोटो चुलीत घातले. मी तीन वर्षांचा असतानी ते गेले. त्यायचं तोंड मले आज दिसलं.”

मामांनी कार्ड त्यांच्याच हाती राहू दिलं. परतताना मी म्हटलं, “मामा, संच अधुरा राहिला.” मामा खिडकीबाहेर पाहत होते. “ते गात कसे होते, हे विचाराचंच राह्यलं पोरी.”

मागच्या आठवड्यात मामा गेल्याचं सांगायला मी कळंबला गेले. कार्ड काचेत बसवून देवघराशेजारी लावलेलं होतं. शिंपीकाकांनी ती काच बाहीनं पुसली. मग म्हणाले, “त्यायचा एखादा फोटो आणून देजा, बाई. बाजूले लावतो.”

मामांच्या घरी शोधला, तर त्यांचा एकट्याचा फोटोच निघेना. शेवटी जिनिंगचं ओळखपत्र सापडलं. त्यावरचा फोटो मोठा करून परवा नेऊन दिला. काकांनी तो गुडघ्यावर ठेवून निरखला आणि माझ्याकडे पेन सरकवला. “खाली नाव लिहून द्या. पुरं लिहा.”